मळ्यातल्या कुत्र्यासाठी थंडीत ऊब धरणारं घर कसं बांधायचं? (निफाड)

मळेकरी_निफाड

नमस्कार मंडळी. आमचा मळा निफाड तालुक्यात आहे, अडीच एकर द्राक्षबाग आणि बाकी गहू-कांदा. इथली थंडी ज्यांना माहितीय त्यांना वेगळं सांगायला नको, डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५-६ अंशावर आला की बातम्यांत निफाडचं नाव येतंच, आणि एखाद्या वर्षी तर त्याच्याही बराच खाली उतरतो. तेव्हा मणी तडकू नयेत म्हणून आम्ही बागेत रात्रभर शेकोट्या करतो, पहाटे ठिबकचं पाणी सोडतो. बागेला एवढं जपतो आणि आमचा वाघ्या मात्र उघड्यावर झोपतो हे मला मागच्या हिवाळ्यापासून बघवत नाहीये म्हणून विचारतोय.

वाघ्या ७-८ वर्षांचा आहे, गावठीच पण कारवानी रक्त असणार कारण अंगाने एकदम सडपातळ, लांब पाय, केस आखूड आणि पोट आत गेलेलं. खाऊन पिऊन चांगला आहे पण अंगावर चरबी धरत नाही. मागच्या वर्षी मी त्याला वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याचं घर करून घेतलं, ६ फूट लांब ४ फूट रुंद ४ फूट उंच, म्हटलं ऐसपैस होईल. आत जुनी गोधडी टाकली. पठ्ठ्या एक रात्र पण आत झोपला नाही. रात्री शेकोटी विझली की तो तिच्या गरम राखेत जाऊन बसतो, सकाळी उठतो तेव्हा पूर्ण राखाडी झालेला असतो आणि डाव्या बरगडीवरचे केस जळून तिथे पिवळट चट्टा पडलाय. आई रोज त्याला ओल्या फडक्याने पुसते. परवा पहाटे बघितलं तर मागचे पाय आखडले होते, उठायला दोन-तीन वेळा प्रयत्न करावा लागला.

घरात घ्यायला आजोबा तयार नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यालाही घरात करमत नाही, दार बंद केलं की रडतो. तर पत्र्याच्याच घराला काही करता येईल का का नवीन बांधावं, माप काय ठेवावं, आत काय टाकावं, कोणी केलं असेल तर सविस्तर सांगा. दोन-तीन दिवस हाताने काम करायची तयारी आहे.

रंधा_आणि_करवत

भाऊ, वाघ्या आत का बसत नाही त्याचं उत्तर तुमच्या मापातच आहे. कुत्र्याच्या घरात हीटर नसतो, हीटर म्हणजे कुत्रंच. त्याच्या अंगाच्या उबेने जेवढी हवा तापेल तेवढीच तापणार. ६ बाय ४ बाय ४ म्हणजे ९६ घनफूट हवा झाली, ती एकट्याने तापवायची म्हणजे त्याने रात्रभर कुडकुडायचं. वरून पत्रा, पत्रा ऊब धरतच नाही, आतली ऊब भराभर बाहेर टाकतो आणि पहाटे त्याच्या श्वासाची वाफ छताला लागून थेंब थेंब अंगावर गळते. त्यापेक्षा राख बरी हे त्याला तुमच्या-माझ्या आधी कळलं.

माप घ्यायची पद्धत सांगतो. त्याला उभं करून नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडख्यापर्यंत मोजा (शेपूट धरायची नाही), त्यात ३-४ इंच मिळवा, ती झोपायच्या खोलीची लांबी. डोक्यापासून जमिनीपर्यंत मोजून त्यात ३ इंच मिळवा ती उंची. रुंदी एवढी की तो आत वळून गोल गुंडाळी करून बसेल, बास, त्याच्यापेक्षा जास्त नाही. दाराची उंची त्याच्या खांद्याच्या पाऊणपट, कुत्री मान खाली घालून आरामात शिरतात, आपण मात्र माणसाच्या हिशोबाने दार मोठं ठेवतो आणि सगळं वारं आत घेतो.

आता मुख्य गोष्ट. दार मधोमध ठेवू नका, लांब बाजूच्या एका टोकाला ठेवा, आणि दारातून शिरल्यावर आत एक आडवी फळी उभी करा म्हणजे आधी छोटीशी ओसरी आणि मग वळून झोपायची खोली. वारं दारातून सरळ आत येतं पण वळत नाही. ह्या एका फळीने जो फरक पडतो तो महागड्या मटेरियलने पण पडत नाही, मी आतापर्यंत ४ घरं केलीत, पहिलं फळीशिवाय केलं होतं ते नंतर उघडून परत फळी घालावी लागली.

जमिनीपासून ५-६ इंच वर उचला, खाली विटा किंवा लाकडी पाय. जमिनीची थंडी आणि ओल दोन्ही खालून चढतात. छताला मागच्या बाजूला उतार द्या आणि छत बिजागरीवर उघडणारं करा, नाहीतर आत साफ करताना डोकं घालून गुडघ्यावर बसावं लागतं आणि मग माणूस साफ करायचंच टाळतो. दाराचं तोंड पूर्व-आग्नेयेला. आपल्याकडे हिवाळ्यात बोचरं वारं उत्तरेकडून येतं आणि सकाळचं ऊन दारातून आत पडलं तर गादी पण सुकते.

भिंत दुहेरी करायची असेल तर आत-बाहेर प्लाय आणि मधे दीड-दोन इंच थर्माकोल. थर्माकोल कुठेच उघडा राहता कामा नये, कुत्रं कुरतडतंच.

सोपा_उपाय

एवढं सगळं करण्यापेक्षा ६० वॅटचा बल्ब लावा ना आत, पोल्ट्रीत पिल्लांना लावतात तसा. किंवा शेगडीत थोडे निखारे करून दाराशी ठेवायचे. आमच्याकडे गोठ्यात असंच करतात.

पशुवैद्य_सिन्नर

निखारे कृपया अजिबात नको. बंद जागेत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला वास नसतो, जनावर झोपेतच जातं. गोठा उंच आणि चारी बाजूंनी मोकळा असतो म्हणून तिथे निभावतं, ह्या खोक्यात निभावणार नाही. बल्बचंही तेच, खाली कोरडा पेंढा, वर तापलेली काच, आणि वायर चघळायला कुत्रं. पोल्ट्रीच्या शेडला बल्बमुळे आग लागल्याच्या केसेस मी स्वतः पाहिल्यात, पिल्लांची काय अवस्था असते ते इथे लिहीत नाही. नीट बांधलेल्या घराला आपल्या भागात बाहेरून उष्णता द्यायची गरजच पडत नाही.

वाघ्याबद्दल. कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाईट असतं, आपल्यापेक्षा जास्त, म्हणून हात लावला की तो नेहमीच गरम लागतो आणि लोकांना वाटतं त्याला थंडी वाजत नाही. कारवानी अंगाच्या कुत्र्याला खालचा मऊ केसांचा थर जवळजवळ नसतोच आणि चरबीही नसते, त्यामुळे ५-६ अंशाला त्याला खरोखर त्रास होतो. थरथर दिसली म्हणजे शरीर अजून लढतंय. थरथर थांबली, कान-पंजे गार, हाक मारली तरी नजर उशिरा वळते, चालताना झोकांड्या, असं दिसलं तर तो धोका आहे. अशा वेळी आगीजवळ नेऊ नका, कोरड्या टॉवेलने पुसा, गोधडीत गुंडाळा, कोमट पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून छातीला-पोटाला लावा आणि डॉक्टरांना फोन करा.

मागचे पाय आखडणं हे ह्या वयात सांधेदुखीचं लक्षण असू शकतं, थंडीत वाढतं. एकदा तपासून घ्या. तोपर्यंत घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, कुत्र्यांना ती विषारी ठरू शकते, दर हिवाळ्यात अशी एक-दोन कुत्री माझ्याकडे येतात आणि मालकाने मायेपोटीच गोळी दिलेली असते. राखेचं म्हणाल तर ओली राख कातडी आणि पंजे खाते, तो चट्टा त्यामुळेही असेल. खाणं हिवाळ्यात थोडं वाढवा, रोजच्या भाकरीत एक उकडलेलं अंडं किंवा चमचाभर तूप, आणि जंताचं औषध दिलं नसेल तर ते आधी. आणि थर्माकोलबद्दल वर लिहिलंय ते अगदी बरोबर, आतड्यात तुकडा अडकला की ऑपरेशनशिवाय निघत नाही.

मिनेसोटाकर

मी मूळची नाशिकरोडची, सध्या मिनेसोटात. इथे जानेवारीत उणे २०-२५ पर्यंत जातं, त्या थंडीत कुत्रं रात्री घरातच घेतात आणि घ्यायलाच हवं, पण शेजारच्या फार्मवरचं मोठं केसाळ कुत्रं दिवसभर बाहेरच्या घरात असतं त्यावरून एक गोष्ट सांगते. गोधडी काढून टाका. आईने मायेने टाकली असेल पण कापड ओल धरतं. कुत्र्याचा श्वास, ओले पंजे, दव, सगळं त्यात मुरतं आणि पहाटे तीच गोधडी अंगातली ऊब ओढून घेते. इथे तर ती गोठून पाटीसारखी कडक होते. त्याऐवजी पेंढा. पेंढ्याच्या काड्या आतून पोकळ असतात, त्यात हवा अडकते, पाणी खाली निथळतं आणि कुत्रं त्यात उकरून खड्डा करून नाक शेपटीखाली घालून बसतं. इथे थंडी सुरू झाली की काही शेल्टर लोकांना पेंढ्याच्या गाठी फुकट देतात, गोधड्या नाही देत.

गवत आणि पेंढा वेगळा हे लक्षात ठेवा, हिरवं वाळवलेलं गवत ओल धरतं आणि बुरशी येते. आणि गव्हाचा बारीक भुसा पण नको, तो डोळ्यात-नाकात जातो आणि दबून चपाती होतो. लांब काडीचा हवा. चांगला गुडघाभर भरा, पहिल्या आठवड्यात दबून निम्मा होतो मग परत भर घालायची.

दाराला पडदा लावा, जुन्या गाडीच्या रबरी मॅटच्या चार इंची पट्ट्या कापून एकावर एक थोड्या चढवून खिळल्या की झालं. आधी दोन दिवस पट्ट्या वर बांधून ठेवा, एकदम सोडल्या तर घाबरतो.

गोचीडग्रस्त

पेंढ्याला माझा विरोध आहे. आम्ही टाकला होता, महिन्याभरात आमच्या कुत्रीच्या कानात गोचिडांचे घोस लागले आणि पुढे गोचीडतापाने ती गेली. तेव्हापासून मी कोणाला पेंढा सुचवत नाही.

पशुवैद्य_सिन्नर

वाईट वाटलं वाचून. तुमची भीती रास्त आहे पण गोचीड पेंढ्यातून कमी आणि भिंतीच्या फटींतून जास्त येते. आपल्याकडची कुत्र्यांची तपकिरी गोचीड रक्त पिऊन झालं की खाली उतरते आणि फळीच्या सांध्यात, विटांच्या भेगेत जाऊन हजारो अंडी घालते. म्हणून आतले सगळे सांधे सिलिकॉनने किंवा लांबी (पुट्टी) भरून बंद करा, पेंढा दर १५ दिवसांनी पूर्ण बदलून जुना जाळा किंवा लांबच्या उकिरड्यात टाका, आणि कुत्र्याला डॉक्टरांना विचारून गोचिडाचं औषध वेळच्या वेळी. छत उघडणारं असलं तर दुपारी दोन तास उघडं टाकून आत ऊन पडू द्या. बागेसाठी आणलेलं कीटकनाशक मात्र आत फवारू नका, आणि औषधांची रिकामी खोकी किंवा खताच्या गोण्या पण आत अंथरायला वापरू नका. तुमच्याकडे ह्या वस्तू हाताशी असतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

पॅकहाऊस_पिंपळगाव

निफाडकर दादा, तुम्ही आमच्या शेजारचे, तुम्हाला प्लाय-थर्माकोलच्या भानगडीत पडायची गरज नाही. पिंपळगाव-ओझर पट्ट्यात इतकी प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोरेज आहेत, त्यांच्या भिंती पफ पॅनेलच्या असतात, दोन्ही बाजूला पातळ पत्रा आणि मधे ५०-६० एमएमचा पफ म्हणजे कडक फोम. काम झालं की कापलेले तुकडे भंगारात जातात. जी भिंत द्राक्षाची थंडी आत ठेवते तीच कुत्र्याची ऊब आत ठेवणार, आणि त्याच जाडीत थर्माकोलपेक्षा चांगली. कडेला पत्र्याची धार असते ती ॲल्युमिनियमच्या चॅनेलने किंवा लाकडी पट्टीने झाका, पाय कापतो. आत खालचा एक फूट प्लाय मारा म्हणजे नखांनी खरवडणार नाही. तळाला पॅलेटच्या फळ्या, त्यावर पॅनेल, त्यावर प्लाय.

फक्त एक लक्षात घ्या, पॅनेल हवाबंद असतं त्यामुळे आत दमट होतं. छताच्या लगेच खाली दाराच्या विरुद्ध बाजूला इंच-दीड इंचाची दोन भोकं पाडा, बाहेरून जाळी.

उसाच्या_कडेला_जुन्नर

सगळं वाचलं, सगळ्यांनी चांगलं सांगितलंय पण बिबट्याचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. दादा तुमच्या तालुक्यात गोदा आहे, कादवा आहे, आणि नदीकडेला ऊस. आमच्याकडे जुन्नरला जे तेच तुमच्याकडे. बिबट्या उसातच वितो आणि हिवाळ्यात ऊसतोड चालू झाली की त्याचं लपण जातं, तो वस्तीजवळ सरकतो. बिबट्याला मळ्यातलं सोपं खाद्य म्हणजे कुत्रं. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांच्या टीमने बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्याचाच निघाला, शेळ्या-मेंढ्या त्याच्या मागे.

आमची राणी साखळीला बांधलेली होती. घरापासून २० पावलांवर, तिच्यासाठी मी हौसेने लाकडी घर बांधलं होतं, ऊबदार होतं, ती आत झोपायची. तोंड उघडं. रात्री एकदाच ओरडली. मी बॅटरी घेऊन बाहेर येईपर्यंत साखळी तुटलेली आणि पेंढा बाहेर पसरलेला. उघड्या दाराचं घर म्हणजे कुत्र्याला पळायला दुसरी वाट नसलेला कोपरा, हे मला तिच्या जाण्याने कळलं आणि म्हणून तळमळीने सांगतोय.

म्हणून माझं म्हणणं, घर वस्तीपासून लांब बागेच्या टोकाला नको, ओट्याला लागून, घराच्या भिंतीला टेकवून, दिव्याच्या उजेडात ठेवा. दाराला दणकट वेल्डमेशची जाळी, जाड तारेची, बाहेरून कडी, आणि पूर्ण घर खालच्या फरशीला किंवा खुंट्यांना नटबोल्टने आवळा म्हणजे उलथणार नाही. पडदा आतून, जाळी बाहेरून. छताच्या बिजागरीला पण कडी. रात्री साखळी बांधायची नाही. आजोबा म्हणतील कोंडलं तर राखण कोण करणार, आमचे पण म्हणायचे, पण कुत्रं आतून भुंकलं तरी आपल्याला कळतंच, त्याने बाहेर पडून लढायची गरज नाही. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घाला तो वेगळा. आणि बिबट्या वस्तीत दिसला तर वन विभागाचा १९२६ नंबर आहे, त्यावर लगेच कळवा.

मळेकरी_निफाड

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं उशिरा लिहितोय कारण बागेचं काम चालू होतं. जुन्नरच्या दादांचं वाचून त्या रात्री झोप लागली नाही, वाघ्याला मी तेव्हाच पडवीत घेतलं आणि आजोबा काही बोलले नाहीत.

घर झालं. माप घेतलं तर नाक ते शेपटी ३३ इंच, डोक्यापर्यंत उंची २६. झोपायची खोली ३६ इंच, ओसरी एक फूट, म्हणजे आतून लांबी ४ फूट, रुंदी २६ इंच, उंची मागे २७ आणि पुढे ३१. आधीच्या पत्र्याच्या घराच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाइतकीच हवा. पफ पॅनेलचे तुकडे पिंपळगावच्या भंगारवाल्याकडून मिळाले, पॅलेट घरचंच होतं, प्लायची एक शीट, जाळी, बिजागऱ्या, चॅनेल धरून ४३०० रुपये लागले. पेंढा इगतपुरीच्या पाहुण्यांकडून भाताचा आणला, लांब काडीचा, दोन भारे. जाळीचं दार जुन्या पत्र्याच्या घराचे अँगल कापून त्याच वेल्डिंगवाल्याने केलं.

चुका पण सांगतो म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. हवेची भोकं मी पहिल्यांदा पाडली नाहीत, वाटलं ऊब जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी छत उघडलं तर आतून पाण्याच्या थेंबांची रांगोळी आणि वरचा पेंढा दमट. त्याच दिवशी भोकं पाडली, दुसऱ्या पहाटे छत कोरडं. दुसरी चूक, आतली फळी मी छतापर्यंत नेली होती, वाघ्याला आतलं काही दिसत नव्हतं म्हणून तो ओसरीतच उभा राहून कुं कुं करायचा. वरून ८ इंच कापली तेव्हा डोकावून आत गेला.

तरी दोन रात्री झोपला नाही. तिसऱ्या रात्री आईने त्याचं राखेतलं जुनं पोतं आणून पेंढ्यावर टाकलं आणि भाकरीचा तुकडा आत ठेवला. तो आत गेला, गोल गोल सात-आठ वेळा फिरला, पुढच्या पायांनी पेंढा मागे ढकलला, मग पोतं तोंडाने धरून बाहेर ओसरीत टाकलं आणि पेंढ्यात नुसतं नाक दिसेल एवढा घुसून झोपला. मी कडी लावून बाहेर उभा होतो, दहा मिनिटांत घोरायचा आवाज आला.

बागेतला थर्मामीटर दोरीने बांधून आत टांगला होता. पहाटे पाच वाजता बाहेर साडेसहा, आत पंधरा. हात घातला तर तो बसला होता तिथला पेंढा चांगला गरम. डॉक्टरांकडे नेऊन आणलं, सांधेदुखीच आहे, औषध चालू केलंय, अंडं रोज चालू आहे. कडी रात्री दहाला लावतो आणि पहाटे पाचला मोटर चालू करायला उठतो तेव्हा उघडतो. शेकोटी अजून करतो बागेसाठी, वाघ्या तिथे जातो, वास घेतो आणि परत ओट्याकडे येतो. चट्ट्यावर बारीक केस यायला लागलेत.

पॅनेलचे दोन तुकडे उरले होते ते शेजारच्या काकांना दिलेत. ते माझ्याच मापाने कापायला निघाले होते, त्यांची कुत्री लहान आहे आणि पुढच्या महिन्यात विणार आहे, म्हणून आधी तिला उभी करून माप घ्या आणि मगच कापा म्हणून सांगितलंय. डॉक्टर, पिल्लं असताना जागा किती वाढवायची तेवढं सांगा.